मंगरूची चाल

अड्याळच्या बाजारात भैय्यालाल दिसायच्या आधी ऐकू यायचे. धानाच्या काट्याजवळ उभं राहून त्यांनी एक हाळी दिली की भाजीच्या ओळीतल्या बाया दचकून माना वर करत. अंग दांडगं, पोट पुढे आलेलं, मान आखूड आणि तांबूस. ज्या हलक्या रेंगीत दोन माणसं ऐसपैस बसतात, तिच्यात ते एकटेच मावत. मागच्या गल्लीत जायचं असलं तरी रेंगीला बैल जुंपायचे. पायी चालणं हे बैल नसलेल्या माणसाचं काम, असं त्यांचं मत होतं, आणि प्रत्येक मत मोठ्यानंच सांगायचं अशी त्यांची रीत होती.

रंभाबाई त्यांची बायको. तिनं पानात वडे वाढले की कडेनं तेल ओघळायचं, तेही ते भातानं पुसून घेत. मीठ वेगळं, लोणचं वेगळं. जेवण झालं की तंबाखू, तंबाखू थुंकली की बिडी. दुपारी आडवे झाले की घोरणं असं, की ओसरीपुढे वाळत घातलेल्या धानावरच्या चिमण्या भुर्रकन उडून जात. रंभाबाईला त्याचा कधी त्रास झाला नाही. तो आवाज चालू आहे म्हणजे घरात माणूस आहे, एवढं तिला पुरे होतं.

कारण त्या घरात एक भीती जुनी होती. भैय्यालालचे वडील भर दुपारी जेवून उठले आणि गेले. थोरले भाऊ बाबूलाल तसेच. भरल्या पानावरून उठले, हात धुवायला परसात गेले आणि पाण्याच्या गडव्याशेजारीच कोसळले. गावात बोलत, त्या घरच्या पुरुषांना दुपारचं कोणीतरी बोलावून नेतं. बाबूलालची विधवा कुंताबाई शेजारच्याच दाराआड राहायची. जेवणवेळ टळली की ती दाराला कडी घालायची आणि उन्हं उतरल्याशिवाय उघडायची नाही.

सत्याहत्तर सालच्या माघात, लाखांदूरच्या बाजारात धानाचा भाव करता करता भैय्यालालचा आवाज मध्येच थांबला. हात छातीवर गेला. तोंडाला दरदरून घाम. सोबत गोपीचंद होते, अड्याळचेच कापड दुकानदार, लहानपणापासूनचे दोस्त. त्यांनी तांदळाच्या पोत्यांनी भरलेला एक ट्रक थांबवला, पोत्यांवर दोस्ताला निजवलं आणि भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. हृदयाचा झटका, डॉक्टर म्हणाले.

रंभाबाईला जाता येईना. लेक चंद्रकांता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, मुलगी होऊन आठवडाही झाला नव्हता. मग जावई लक्ष्मणराव सासऱ्यांच्या उशाशी राहिले. दोन-चार दिवसांनी कोणाच्या तरी हाती निरोप यायचा, बरं आहे, थोडं थोडं खातात. आणि रंभाबाई पुन्हा शेकशेगडीला लागायची.

एका दुपारी ती लाखोळीची डाळ पाखडत ओसरीत बसली होती. गोपीचंद बसमधून उतरून थेट दारात आले. पायात चपला नव्हत्या. ते उंबऱ्यावरच मटकन बसले.

"वैनी," ते म्हणाले आणि उपरणं तोंडाला लावलं.

"काय झालं? बोला न!"

"तोंडावरून चादर ओढली होती, वैनी. त्याच्याच खाटेवर. खिडकीजवळच्या. मी माह्या डोळ्यानं पाहून आलो."

पुढचं रंभाबाईला तुकड्यातुकड्यांत आठवे. आतून चंद्रकांताची किंकाळी. अंगण बायांनी भरलं. आणि शेजारची कडी वाजली. इतक्या वर्षांत कुंताबाईचं दार पहिल्यांदा दुपारचं उघडलं. ती पांढऱ्या लुगड्यात सरळ चालत आली, एक शब्द न बोलता रंभाबाईचे दोन्ही हात धरले आणि मसाल्याच्या पाट्यावर आपटले. हिरव्या काचा उडाल्या. मनगटावर रक्ताचे बारीक थेंब आले. कोणीतरी पदराच्या टोकानं कपाळ पुसलं.

दिवस कलल्यावर शेवटची बस आली. लक्ष्मणराव पिशवी खांद्याला लावून गल्लीत वळले आणि अंगणातली गर्दी पाहून जागीच थबकले.

"कवा आणता त्यायले?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"कोणाले? मामाजीले? डॉक्टर म्हणते अजून पंधरा दिवस राहू द्या. खिचडी खाल्ली आज त्यायनं."

बाहेर वाळत घातलेल्या धानातून एक कोंबडी दाणे टिपत होती, तेवढाच आवाज. मग कोणीतरी घसा खाकरून म्हणालं, खोटी बातमी आली म्हणजे माणसाचं आयुष्य वाढते. दोघातिघांनी माना डोलावल्या, पण हसलं कोणीच नाही. बाया एकेक करून उठल्या. कुंताबाई मात्र काचांचे तुकडे वेचून पदरात घेत बसली. ते झाल्यावर ती रंभाबाईच्या कानाशी वाकली.

"आपण तं त्याले रडलो, रंभा. आता जो कोणी घरी येईल, त्याले नीट पाहून घेजो."

भैय्यालाल घरी आले त्या दिवशी रंभाबाई भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन दारात उभी होती. नव्या बांगड्या तिच्या हातात होत्या, पण मनगटावरच्या जखमांच्या खपल्या अजून पडल्या नव्हत्या. रेंगी बस स्टँडवर पाठवली होती. ती रिकामीच परत आली. मालक पायी येऊन राहिले, गडी म्हणाला.

गल्लीच्या वळणावर एक माणूस दिसला. सदरा खांद्यावरून लोंबतोय, गालफडं बसलेली. चिखलातून चालावं तसा एकेक पाऊल उचलून, आधी बोटं टेकवून, मग टाच. मागे लक्ष्मणराव होते म्हणून, नाहीतर तिनं ओळखलं नसतं. तो माणूस दारापाशी आला. डावा तळहात चौकटीवर ठेवला. एक श्वास घेतला. मग आत पाऊल टाकलं.

"पाणी दे व," तो म्हणाला. इतक्या हळू आवाजात तिचा नवरा आजवर तिच्याशी बोलला नव्हता.

तिथून सुरू झालं. वडे वाढले तर ते ताटाबाहेर ठेवले. तेल नको. मीठ नको. हातसडीच्या तांदळाचा भात, आंबाडीची भाजी, पातळ वरण, आणि तेही अर्धंच पान. एकेक घास इतका चावायचा की रंभाबाईची बोटं लुगड्याच्या पदराला पीळ घालत बसायची. बिड्यांचं पुडकं त्यांनी आल्या दिवशीच चुलीत टाकलं. दुपारी निजले की घर मुकं व्हायचं. ती स्वयंपाकघरातून उठून यायची आणि नाकापुढे बोट धरून बघायची. श्वास असायचा, लांब, गार, एकसारखा. पण घोरणं नाही. भिंतीशी कोणी परका माणूस झोपलाय असं वाटून ती मागे सरायची.

ते बैलांना हाक द्यायचे तर बैल वळायचे नाहीत. जन्मभर ओरडणं ऐकलेली जनावरं ती, त्या मऊ आवाजाकडे बघत नुसती उभी राहायची. एकदा गड्याच्या हातून धानाचं पोतं फुटलं. गडी हात जोडून उभा, आता शिव्या येतील म्हणून. भैय्यालाल खाली बसले आणि ओंजळीनं दाणे गोळा करू लागले. "राहू दे," म्हणाले, "ओरडून का होते?" गडी दुसऱ्या दिवसापासून आला नाही. मालकाच्या अंगात मालक नाही, असं त्यानं चहाच्या टपरीवर सांगितलं.

मग तेच बोलणं गावभर झालं. भैय्यालाल टपरीजवळून गेले की बोलणी थांबायची. धान मोजून घेणारे लोक त्यांच्या हातातलं वजन हातात घेत नसत, खाली ठेवू देत आणि मग उचलत. गोपीचंद तर समोरून दिसले की गल्ली बदलायचे.

रंभाबाई कोणाजवळ बोलली नाही. पण मनातल्या मनात ती त्यांना 'ते' म्हणायचं सोडून 'तो' म्हणायला लागली. तो उठला. तो जेवला. तो गेला.

जायचा कुठे, तर उजाडायच्या आधी, तलावाकडे. फाल्गुन लागला तरी त्या वर्षी तलावावर धुकं उतरत होतं. एका सकाळी ती त्याच्या मागे निघाली. दारात त्यानं डावा हात चौकटीवर ठेवलेला तिनं पाहिला. तो रोज ठेवायचा. आधी कधी ठेवत नव्हता.

तलावाच्या पाळीवर, मातीच्या त्या उंच बांधावर, धुकं इतकं दाट होतं की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे लागतं ते कळेना. शेवाळाचा ओला वास. पुढे त्याची पावलं वाजत होती, हळू, चिखलातल्यासारखी. ती बाभळीच्या आडून चालली. मग पावलं थांबली आणि तिला त्याचा आवाज आला.

"थांब गा मंगरू. दम लागून राहिला मले."

रंभाबाई होती तिथे खिळली. पाण्यात कुठेतरी मासळी उसळली. मग तो हसला, बारीक, कोणी काही बोलल्यावर हसावं तसा.

"हो हो. हळूच. तू म्हणशील तसं."

पुन्हा पावलं. धुक्यात तिला एकच आकृती दिसत होती. पण ती पाळीच्या मधून चालत नव्हती. एका कडेनं चालत होती, बाजूला एका माणसाची जागा सोडून.

ती घरी कशी आली ते तिला कळलं नाही. कपाळाच्या दोन्ही बाजू ठणकत होत्या. ते ठणकणं नेहमीचंच. गेली काही वर्षं तिचं डोकं असंच उठायचं, जिना चढला तरी धाप लागायची. चुन्याची पट्टी लावून ती चुलीपुढे बसून राहिली.

आठ-दहा दिवसांनी लक्ष्मणराव चंद्रकांताला न्यायला आले. रंभाबाईनं त्यांना ताट वाढता वाढता विचारलं, "जावईबापू, मंगरू कोण हाय?"

लक्ष्मणरावांचा घास हातात राहिला. "तुमाले कोणं सांगितलं? दवाखान्यात मामाजीच्या शेजारच्या खाटेवर होता तो. धिवर होता, मासोळ्या धरणारा, आसगावच्या पुढचा, तलावाकाठचा. पायाले काटा रुतून पाय सडला होता. बरा नाई झाला तो." त्यांनी मान खाली घातली. "गोपीचंद मामानं ज्याच्या तोंडावर चादर पाहिली न, तो मंगरू."

त्या उत्तरानं रंभाबाईच्या मनात सगळं लख्ख जुळलं, आणि जुळलं ते भयंकर होतं. तिचा नवरा गेला होता. गोपीचंद खोटं बोललेच नव्हते. त्याच्या अंगानं खाटेवरून उठून आला तो दुसराच.

तिनं आसगावची बस धरली. घरी सांगितलं, पवनीला देवाला जाते.

मंगरूची झोपडी तलावाला लागून होती. दारात त्याची बायको रुखमिणी जाळं पसरून बसली होती, फाटलेले फासे एकेक करून विणत. रंभाबाईनं आपण कोण ते सांगितलं. रुखमिणीनं हात थांबवला, तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि बसायला गोणपाटाचा बोरा टाकला.

"तुया घरचा माणूस बरा हाय?" तिनं विचारलं.

"बरा हाय. म्हून तं आलो." रंभाबाई पुढे सरकली. "तुमचा माणूस कसा होता, सांगा न मले."

रुखमिणी हसली. "कसा राहीन? जसा धिवर राहते तसा. उजाडाच्या आधी उठे. पुऱ्या पाळीचा फेरा मारे, मंग डोंगा पाण्यात सोडे. चाले कसा, तं गाळात चालल्यावानी. जमिनीवरही तसाच, आधी बोटं. खाये अर्धं पोट. मासोळी नुसती हळद-चिंचेच्या पाण्यात शिजवाले लावे, तेल टाकलं की ताट सरकवे. चावे इतका की मलेच भूक लागे पाहून. बिडी कधी ओढली नाई. म्हणे, बुडी मारणाऱ्याले दम लागते, तो धुरात कायले घालवू? आन ओरडे नाई कोणावर. मासोळ्या पळतात म्हणे."

एकेक गोष्ट रंभाबाईच्या घरातली. एकेक गोष्ट तिच्या ओसरीवरची.

रुखमिणीनं जाळ्यातून एक वाळकी काडी काढून फेकली. मग सहज विचारल्यासारखं म्हणाली, "घरातून निंगताना चौकटीले हात लावते का तो? डाव्या हातानं?"

रंभाबाईनं नुसती मान डोलावली.

"लावतेच," रुखमिणी म्हणाली. "लहानपणी त्याची माय त्याले म्हणे, घराले सांगून जात जा. तवापासून लावे. दवाखान्यात तं खाटेवरून उठलाच नाई बिचारा. तिथं कोणाले दिसलं असन त्याचं हे हात लावणं?"

तलावावर वारा सुटला. बसची वेळ झाली तेव्हा रुखमिणी तिच्यासोबत वाटेपर्यंत आली.

"त्याले माह्याकडून सांगजो," ती म्हणाली, "दम लागला तं बस म्हणा. कोणी घाई करून नाई राहिलं."

'त्याले' म्हणजे कोणाला, हे विचारायचं धाडस रंभाबाईला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीत तो सुपात तांदूळ घेऊन खडे निवडत बसला होता. हेही नवंच. रंभाबाई समोर येऊन उभी राहिली.

"तुमी कोण हा?"

त्यानं वर पाहिलं.

"मी आसगावले जाऊन आलो. मले सारं मालूम झालं. तुमी कोण हा ते सांगा. मंगरू असाल तं मंगरू म्हणा. पण सांगा."

त्याच्या हातातलं सूप कलंडलं. त्यानं ते सावरलं नाही. सांडलेल्या तांदळातला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"मी तोच हाय व, रंभा," तो म्हणाला. "पण तू म्हणतेस ते सारंच खोटं नाई."

मग तो बोलू लागला. दवाखान्यात गेल्यावर आठवडाभरानं भैय्यालाल डॉक्टरवर खेकसले होते, मला काही झालं नाही, मला घरी जाऊ द्या. डॉक्टरनी चिडून आपली नळी त्यांच्या कानात घातली आणि दुसरं टोक त्यांच्याच छातीवर ठेवलं. ऐका म्हणाले.

"कसं वाजत होतं, सांगू? चिखलात फसलेली रेंगी बैल ओढून राहिले न, एक झटका, मंग थांबली, मंग दोन झटके, तसं. मले वाटलं आता थांबते, आता थांबते. मंग डॉक्टरनं ते टोक शेजारच्या म्हाताऱ्याच्या छातीवर ठेवलं. तापानं फणफणला होता तो, पाय सडलेला. पण आत काय ठेका होता! उखळात मुसळ पडावं तसा, एक पडलं की दुसरं. डॉक्टर म्हणे, हा तुमच्याहून दहा वर्षांनं मोठा हाय. पाय बरा असता तं अजून वीस वर्षं चालला असता."

त्या दिवसापासून भैय्यालालनी मंगरूला विचारायला सुरुवात केली. काय खातोस, कसा चालतोस, कसा झोपतोस. आणि तो पडल्यापडल्या सांगत गेला. डॉक्टरही तेच सांगत होते, मीठ, तेल, तंबाखू सोडा, चाला, रागावू नका. पण डॉक्टरचं बोलणं कानावरून गेलं. मंगरूचं आत गेलं, कारण त्याची छाती त्यांनी ऐकली होती.

"मंग त्याचा ताप वाढला. हवा लागावी म्हून मी माही खिडकीजवळची खाट त्याले देली आन त्याच्या खाटेवर मी गेलो. त्याच दुपारी..." तो थांबला. "भर दुपारी गेला तो, रंभा. जेवणवेळेले. आमच्या घरी जो येते न दुपारचा, तो माहीच खाट शोधत आला असन. पाह्यलं असन, कोणीतरी निजून हाय. घेऊन गेला."

ओसरीत ऊन सरकत होतं. रंभाबाई खाली बसली.

"तं हे जे उरलं हाय न माह्यात, ते त्याचं हाय. ते मी माह्यासारखं कसं उडवू? म्हून त्याच्यासारखा खातो. त्याच्यासारखा चालतो. पाळीवर त्याच्यासंगं बोलतो. मले मालूम हाय तिथं कोणी नाई. पण एकट्यानं चालाले भेव वाटते मले. वाटते, मधेच थांबन सारं, आन कोणाले मालूम बी नाई पडन."

हा मोठ्या आवाजाचा माणूस इतका भेदरलेला तिनं कधी पाहिला नव्हता. आणि त्या भीतीत तिला तो ओळखू आला. 'तो' पुन्हा 'ते' झाले.

"आन चौकट?" तिनं विचारलं.

"कोणती चौकट?"

"घरातून निंगताना, घरात येताना, डावा हात चौकटीले लावता तो."

"मी?" ते म्हणाले. "मी कवा हात लावतो?"

त्यांनी आपला डावा हात वर केला आणि दुसऱ्याचा असावा तसा उलटासुलटा करून पाहिला. रंभाबाईनं तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. त्या गोष्टीचा उलगडा तेव्हाही झाला नाही आणि नंतरही नाही.

"भेव वाटते तं उद्यापासून मी येतो," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी ती अर्ध्या पाळीवरच बसली. धाप, कपाळाचा ठणका, पायात गोळे. ते शेजारी उभे राहिले. "बस," म्हणाले, "कोणी घाई करून नाई राहिलं." रुखमिणीचा निरोप तिनं त्यांना अजून सांगितला नव्हता. तिनं पदर तोंडावर ओढून घेतला आणि श्वास शांत व्हायची वाट पाहत राहिली.

पण ती रोज गेली. ते जे खात तेच तीही खायला लागली, आधी वेगळं शिजवायचा कंटाळा म्हणून, मग आवडून. मीठ कमी झालं तशी आंबाडीला आंबाडीची चव आहे हे तिला कळलं. पावसाळा आला, पाळ निसरडी झाली, तेव्हा ते गावच्या सडकेनं चालले. धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांध्यांत, चिखलभरल्या शेततुकड्यांत, ओणवलेल्या बाया कंबर सरळ करून त्यांच्याकडे बघत. दिवाळीच्या सुमारास रंभाबाईला एक दिवस अचानक जाणवलं की चुन्याची डबी किती तरी दिवसांत उघडलीच नाही. गावात येणाऱ्या नर्सबाईनं दंडाला पट्टा बांधून दाब पाहिला, आधीपेक्षा उतरलेला दिसला म्हणून पुन्हा पाहिला, आणि काय औषध घेता असं विचारलं.

भैय्यालालच्या पायांवर दवाखान्यातून आल्यापासून असलेली सूज गेली. काट्याजवळ उभं राहून दिवसभर धान मोजलं तरी ते थकत नसत. रात्री अंथरुणाला टेकले की झोप लागे आणि सकाळी ते स्वतःहून उठत. राग पूर्ण गेला असं नाही. पण तो यायला लागला की ते थांबत, श्वास सोडत आणि मग बोलत. एक नवीन गडी कामावर राहिला आणि टिकला.

पुढच्या हिवाळ्यात एका धुकट सकाळी पाळीवर पांढरं काहीतरी उभं दिसलं. दोघंही थबकले. रंभाबाईनं नवऱ्याचा दंड धरला. ते पांढरं पुढे आलं आणि दोन पावलांवर येऊन रडू लागलं. धोतर सावरत उभे असलेले ते गोपीचंद होते.

"माफ कर गा भैय्या. मी तुले जित्तेपणी मारलं. तुह्या समोर याची हिंमत नोती होत. आता मलेच दुकानाच्या पायऱ्या चढाले दम लागते. डॉक्टर म्हणे चाला. मले दुसरं कोणी दिसलं नाई चालाले."

"चल," भैय्यालाल म्हणाले. "हळूच चाल."

तिघं निघाले. बऱ्याच वेळानं गोपीचंदनी कुजबुजत विचारलं, "वैनी, हे कडेनं काहून चालतात? मधात एवढी जागा हाय."

"सवय हाय त्यायची," रंभाबाई म्हणाली.

वर्षभरानं भंडाऱ्याला तपासणीला गेले तेव्हा तेच डॉक्टर होते. त्यांनी बराच वेळ छाती ऐकली, मग हसून नळी पुढे केली, घ्या, तुम्हीच ऐका. भैय्यालालनी हात मागे घेतला. "नोको, साहेब," ते म्हणाले. "वाजून राहिलं न? वाजू द्या." बाहेर आल्यावर रंभाबाईनं विचारलं, काहून नाही ऐकलं? बसमध्ये खिडकीशी बसून ते बाहेरच्या बांध्या बघत राहिले.

कुंताबाईनं मात्र अखेरपर्यंत त्यांच्याकडे नीट पाहिलं नाही. पण ज्या वयात बाबूलाल गेले ते वय भैय्यालालनी ओलांडलं, वडिलांचंही ओलांडलं, तेव्हा एका उन्हाळ्यात दुपारी तिच्या दाराची कडी काढलेली दिसली. ती उंबऱ्यावर बसून चिंचा फोडत होती.

शहाऐंशी सालच्या पावसाळ्यात आसगावहून निरोप आला, रुखमिणी गेली. मधल्या वर्षांत दोघं दर संक्रांतीला तिच्याकडे जायचे, तीळ आणि एक लुगडं घेऊन. ती भैय्यालालशी फार बोलायची नाही, नुसती त्यांच्याकडे बघत बसायची. तिला पोटचं कोणी नव्हतं, दीर म्हातारे, त्यांची पोरं कामाला बाहेरगावी.

ते पोहोचले तेव्हा तिरडी बांधून झाली होती आणि खांदा द्यायला माणसं अपुरी होती. भैय्यालाल सदऱ्याच्या बाह्या वर करून पुढे झाले. परक्या जातीचा हा माणूस कोण म्हणून दोघातिघांनी एकमेकांकडे पाहिलं. एका म्हाताऱ्यानं मान हलवली, येऊ द्या.

मसणवट तलावाच्या पार पलीकडे होती. पाऊस थांबला होता, पण पाळ चिखलानं भरलेली. बाकीचे खांदे बदलत होते, थांबत होते, धापा टाकत होते. भैय्यालालनी खांदा बदलला नाही. बोटं आधी, मग टाच, असं ते चालत राहिले आणि त्या चिखलात सगळ्यांत कमी घसरले ते तेच. काठावर उभ्या असलेल्या धिवरांच्या म्हाताऱ्या बाया त्या चालीकडे बघत होत्या. एकीनं दुसरीचा हात धरला.

सगळं आटोपल्यावर ते तलावात उतरून आंघोळ करून आले. ओले, थोडे थकलेले, पण श्वास शांत. रंभाबाईनं कोरडं धोतर पुढे केलं.

"बस जाईन आता," ती म्हणाली. "निंगाचं का?"

"पुढच्या थांब्यावर धरू," ते म्हणाले. "तवरी पायी जाऊ."

ती चपला हातात घेऊन त्यांच्या शेजारी चिखलातून निघाली.